शुभकार्याच्या रकान्यात

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, दुकानाच्या पायरीवर पाणी शिंपडून ओला हात विजारीला पुसत असताना, व्यंकटला त्याच्याच दुकानाने शुभेच्छा दिल्या. खिशात फोन थरथरला. त्याने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचलं. 'नमस्कार व्यंकटजी! बरोब्बर एक वर्षापूर्वी आपल्या घरच्या शुभकार्याला आमची साथ होती. तो सुंदर दिवस पुन्हा साजरा करू या. हिरव्या साड्यांवर आपल्यासाठी खास सवलत. आपले, श्रीपतराव वस्त्रनिकेतन, बिदर.' खाली दोन जोडलेले हात आणि एक फुलांचा गुच्छ होता. पायरीवरचं पाणी एका बाजूने वाळत चाललं होतं. व्यंकटने पुन्हा वाचलं. मजकुरात चूक काही नव्हती. असती तर त्यालाच सापडली असती, कारण दिवाळीआधी दुकानाच्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या जयंतीने हाच मजकूर त्याला वाचून दाखवला होता आणि विचारलं होतं, "काका, 'मंगल दिवस' बरं वाटतं की 'सुंदर दिवस'?" त्याने दोन्ही मनात म्हणून बघितले होते आणि 'सुंदर'च्या बाजूने मत दिलं होतं.

एक वर्षापूर्वी. म्हणजे आज बारा तारीख. त्याला ते माहीत नव्हतं. बायकोचं, अंबिकाचं वर्षश्राद्ध तिथीने अकरा दिवसांमागेच होऊन गेलं होतं. मुलगी निंबर्ग्याहून आली होती, जावई जेवून लगेच परत गेला होता, कावळा फारसा न रुसता शिवला होता. ते सगळं झाल्यावर व्यंकटने मनातल्या मनात वर्ष मिटवून टाकलं होतं. आणि आता हे दुसरं वर्ष, तारखेचं, पायरीवर येऊन उभं होतं. गेल्या वर्षी याच वेळेला तो याच पायरीवरून आत गेला होता. दुकान झाडलं जात होतं. अंबिका सरकारी दवाखान्यात, भिंतीकडच्या खाटेवर, नवऱ्याआधी गेली म्हणून भाग्यवान ठरलेली. सवाष्णीला हिरवी साडी लागते. सव्वीस वर्षं ज्या फळीवरून त्याने लोकांना हिरव्या साड्या काढून दिल्या, त्याच फळीवरून त्याने एक काढली, गडद, मोहरीच्या रंगाच्या काठाची. आणि हात सवयीने पुढे गेले. त्याने साडी उलगडली, उजेडाकडे धरली, पदरात कुठे धागा ओढलाय का ते बघितलं. दोन तासांत जळणाऱ्या साडीचा पदर त्याने तपासला. एका ठिकाणी बारीक गाठ होती. त्याने ती ठेवली आणि दुसरी काढली. नंतर वर्षभर त्याला त्या क्षणाचं रडू आलं नाही, लाज वाटत राहिली. आणि लाज कशाची ते मात्र कळलं नाही. तिला आयुष्यात कधी त्याने साडी उजेडाकडे धरून घेऊन दिली नव्हती. दुकानात उरलेलं, घडीवर रंग उडालेलं, घरी यायचं.

"अण्णा, आत या की. दारात कामून उभारलाव?" महेशकुमार गल्ल्यावरून म्हणाला. हा श्रीपतरावांचा मुलगा. श्रीपतराव आता फोटोत होते आणि हार रोज बदलला जात होता. महेशकुमार हैदराबादेत शिकून आला होता आणि तिथून तो एक वाक्य घेऊन आला होता: माहिती हेच भांडवल. ते त्याने पहिल्यांदा दोन वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सांगितलं, सगळे नोकर पेढा तोंडात धरून ऐकत असताना. रिंग रोडला त्याच सुमाराला काचेचं चार मजली दुकान उघडलं होतं, आत सरकता जिना होता, आणि औराद, भालकीकडचे लोक लग्नाचा बस्ता बांधायला म्हणून यायचे ते आधी तासभर जिन्यावरून वर-खाली करायचे. "जिना आपल्याला परवडत न्हाई," महेशकुमार म्हणाला होता, "पण त्यांच्याकडं जे न्हाई ते आपल्याकडं हाय." सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं. "व्यंकटअण्णा हायत." पेढा गिळायला व्यंकटला जरा वेळ लागला. उभ्या आयुष्यात त्याला कुणी भांडवल म्हटलं नव्हतं.

खरं म्हणजे त्यात खोटं काही नव्हतं. कुठल्या घरात कुणाचं लग्न कधी झालं, आहेरात कुणी कुणाला काय नेसवलं, कुठल्या विहिणीला जांभळा रंग सोसत नाही, कुठल्या घरी मराठीत 'या' म्हणायचं, कुठे कन्नडात 'बर्री', आणि कुणाच्या आजोबांना अजून 'तशरीफ रखो' ऐकल्याशिवाय गादीवर बसवत नाही, हे व्यंकटला पाठ होतं. पाठ केलेलं नव्हतं. कापडाच्या वासासारखं ते अंगाला लागलेलं होतं. एका घरातून निघालेली साडी दुसऱ्या घरातून आहेर म्हणून फिरून पहिल्या घरी येऊ नये, एवढ्या एका गोष्टीवर त्याची इज्जत उभी होती. "ते डोक्यात असून काय उपयोग, अण्णा?" महेशकुमार म्हणाला होता. "कॉम्प्युटरमध्ये पाहिजे. उद्या तुम्ही—"

"मेलो तर," व्यंकट म्हणाला.

"तसं न्हाई म्हणालाव मी."

"म्हण की. खरं हाय."

मग चार महिने रोज दुपारी, गिऱ्हाईक नसताना, व्यंकट जयंतीच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला आणि बोलत गेला. जयंती बारीक आवाजाची, रामाचार्य मास्तरांची नात; ती पडद्यावरून नजर न काढता विचारायची, "पुढचं घर, काका?" आणि तो पुढचं घर सांगायचा. पहिले काही दिवस त्याला मजा वाटली. माणूस आपल्याकडचं सगळं सांगतो आहे आणि कुणीतरी ते लिहून घेतं आहे, हे सुख घरी त्याला मिळालेलं नव्हतं. अंबिका ऐकून घ्यायची, पण कांदा चिरत. पुढेपुढे मात्र एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. सांगून झालेलं घर त्याच्या डोक्यातून उठून जायचं. भालकीचे पाटील दुकानात शिरले आणि त्यांच्या थोरल्या सुनेचं माहेर त्याला आठवेना. तो हसत उभा राहिला. आठवण काढायला आत हात घातला तर तिथे फळी रिकामी होती, आणि जयंती तिकडून म्हणाली, "उदगीर, काका." गिऱ्हाईक खूश झालं. विक्री वाढली. राखी, नागपंचमी, संक्रांत, घरोघर आपापल्या भाषेत निरोप जायला लागले. सहा महिन्यांनी रिंग रोडच्या दुकानानेही तसंच यंत्र आणलं, आणि आता गौरी जवळ आल्या की बायकांना दोन्ही दुकानांची आपुलकी एकाच मिनिटाला पोचत होती. व्यंकटला गादीवरून उठवून दाराशी खुर्ची दिली होती. येणाऱ्याला नमस्कार करायचा. कुणाला ते पाठ असण्याची गरज नव्हती.

सगळं सांगितलं, पण एक नाही. पांढऱ्या कापडाचं. दुकानात त्या कापडाची एक रीत होती, श्रीपतरावांच्या वडिलांपासूनची. ते न्यायला आलेला माणूस ओळखू येतो. तो पायरीवर चप्पल काढत नाही आणि गादीवर बसत नाही. त्याला 'या' म्हणायचं नाही, काय पाहिजे विचारायचं नाही. कापड हाताने फाडायचं, कात्री लावायची नाही. त्याने भाव करायचा नाही, आपण 'पुन्हा या' म्हणायचं नाही. आणि कुठेही लिहायचं नाही. पावती नाही, वही नाही. ते कापड दुकानातून गेलंच नाही असं धरायचं. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढवतात. दुकानसुद्धा रात्री बंद करत नाहीत, वाढवतात. तिथे मर्तिकाचं कापड वहीत चढवून कसं चालेल? पण कॉम्प्युटरला हे धरणं जमेना. "अण्णा, स्टॉक कमी पडायलाय," महेशकुमार म्हणाला. "हर मीटरची एंट्री पाहिजे. नाव, नंबर, कारण." कारणाच्या रकान्यात यंत्राने चार गोष्टी मान्य केल्या होत्या: शुभकार्य, सण, रोजचा वापर, इतर. 'इतर' दाबलं की ते विचारायचं, कृपया तपशील लिहा. पहिल्यांदा एक म्हातारा बापाचं कापड न्यायला आला होता, पायात चप्पल, आणि व्यंकट त्या प्रश्नासमोर बोट धरून उभा राहिला. तपशील लिहा. भरल्या दुकानात, लक्ष्मीसमोर, तो शब्द त्याच्या बोटातून उतरेना. 'रोजचा वापर' तर दाबवेना. मग त्याने जे आपले लोक तोंडाने करत आले तेच बोटाने केलं. शुभकार्य. म्हाताऱ्याला कळलं नाही, यंत्राने हरकत घेतली नाही, कापड मानाने गेलं. पुढे तीच रीत पडली. अंबिकाच्या हिरव्या साडीचं बिल त्याने स्वतःच केलं होतं, आणि तिथे तर अडखळायचं कारणच नव्हतं: हिरवी साडी, हिरवा खण. यंत्राने आपणहून खाली सुचवलं होतं की, हे घेणाऱ्यांनी हिरवा चुडाही घेतला.

नमस्काराच्या खुर्चीवर बसल्या बसल्या त्याने तो निरोप पुन्हा उघडला. आज त्याला आला. उद्या कुणाला येईल? उद्या तेरा तारीख. गेल्या वर्षी अंबिकाच्या दुसऱ्याच दिवशी तो कामावर आला होता. लोक म्हणाले कामून आलास, आणि त्याला घरी बसून काय करायचं ते माहीत नव्हतं. त्या दुपारी शहराबाहेरच्या कोळारच्या कारखान्यांकडून तिघं आले. पायात चप्पल. त्यातला एक ओळखीचा निघाला, कोहिनूरचा, व्यंकटच्या गावचा. "राजूअक्काचा बंटी," एवढंच म्हणाला. बंटी गोदामात कामाला होता. पोत्यांची थप्पी कोसळली होती. चोवीस वर्षांचा. व्यंकटने कापड फाडलं. फाडल्याचा आवाज लांबत गेला, कारण बंटी उंच होता. मोबाईल नंबर विचारल्यावर त्या माणसाने हातातला फोन पुढे केला, बंटीचाच. काच तडकलेली. नाव काय टाकू, तर म्हणाला, "आईचं टाका." राजूबाई, कोहिनूर. शुभकार्य.

तो उठून जयंतीच्या टेबलाशी गेला.

"पोरी, उद्याची यादी दाव."

"उद्याची? ती आपोआप जाते काका, नऊ दहाला."

"दाव तरी."

अकरा नावं होती. त्याने बोट लावून वाचली. आठव्या ओळीवर राजूबाई होती, पुढे मराठी, पुढे शुभकार्य, पुढे मीटर. मीटर वाचताना त्याला पुन्हा तो आवाज ऐकू आला. "हे काढ," तो म्हणाला.

"का, काका?"

त्याचं बोट त्या ओळीवरच राहिलं. जयंतीने पडद्याकडे बघितलं, मीटरच्या आकड्याकडे, मग व्यंकटच्या चेहऱ्याकडे, आणि तिचा बारीक आवाज आणखी बारीक झाला. "नुसता उद्याचा निरोप थांबवता येत नाही मला, तो अधिकार सरांचा. घरच काढता येतं. पण मग सगळंच जातं, काका. मुलीचा बस्ता, सण, सगळं. परत येत नाही."

"जाऊ दे."

तिने काढलं. दहा नावं राहिली. त्यांतली किती लग्नाची आणि किती दुसरी? नुसत्या मीटरवरून ते कळण्यासारखं नव्हतं; तेवढंच कापड लग्नातही जायचं. व्यंकटने एकेक नाव ओठांवर घेऊन बघितलं. हुमनाबादचे मारोती. भालकीची अक्कम्मा. चेहरे येईनात. या दहांतल्या कुणीतरी गेल्या तेरा तारखेला पायात चप्पल घालून दुकानात उभं राहिलेलं असू शकेल आणि ते कोण हे जगात फक्त त्याला माहीत असायला हवं होतं. जयंती थांबली होती. पंखा फिरत होता. "न्हाई सांगता येत," तो शेवटी म्हणाला. त्या अख्ख्या चार महिन्यांत हे वाक्य त्याने एकदाही उच्चारलं नव्हतं.

"आणि तुमचं, काका? तुमचंही काढू?"

त्याने खिशातल्या फोनवर हात ठेवला. आजची तारीख दुसऱ्या कुणी सांगितली नव्हती. मुलीचा फोन आला नव्हता. तिच्या लेखी वर्ष तिथीलाच होऊन गेलं होतं. "असू दे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने सव्वीस वर्षांत चौथी सुट्टी घेतली आणि पहाटेच्या बसने निघाला. का, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. यंत्रावर त्याचा भरवसा नव्हता, हे एक. काढलेलं कुठून तरी परत येईल, आणि आलं तर नऊ वाजून दहा मिनिटांनी आपण तिथे असलं पाहिजे, असं काहीतरी. बस बायकांनी भरली होती. वाहक प्रत्येकीला यंत्रातून शून्य रुपयांचं तिकीट काढून देत होता. फुकटचा प्रवाससुद्धा लिहिल्याशिवाय होत नव्हता. खिडकीबाहेर तुरीची रानं पिवळी पडायला लागली होती. बसवकल्याणला गाडी बदलली तेव्हा त्याला वाटलं, राजूअक्काला काय सांगायचं? त्याच्याहून ती दहा वर्षांनी मोठी. लहानपणी विहिरीत पडला तेव्हा तिने त्याला केसांना धरून वर काढलं होतं, आणि वर काढल्यावर दोन थोबाडीत दिल्या होत्या. पोरीच्या लग्नाचा बस्ता बांधायला ती बिदरला अठरा माणसं घेऊन आली होती आणि गादीवर बसून म्हणाली होती, "माझ्या व्यंकटच्या दुकानातून घेयलाव, कोण भाव करतंय बघू." आणि मग स्वतःच दोन तास भाव केला होता. हे आठवलं तेव्हा त्याला हायसं वाटलं, अजून काहीतरी आत शिल्लक आहे म्हणून. मग लक्षात आलं, हे त्याने जयंतीला सांगितलंच नव्हतं. रकाना नव्हता.

राजूबाई ओट्यावर तूर पाखडत होती. त्याला बघून सूप थांबलं.

"कामून आलास रे? दुकान बुडालं का तुझं?"

"न्हाई अक्का. सहज."

"सहज कोण येतंय कोहिनूरला." तिने सूप बाजूला ठेवलं, पाणी आणून दिलं आणि त्याच्याकडे निरखून बघितलं. "वाळलास. अंबिका गेल्यावर कोण करून घालतंय?"

"मीच की. भात करतो. कधी डब्बा."

"भात," ती म्हणाली, जणू त्याने काही वाईट सवय कबूल केली होती.

आत कोनाड्यात बंटीचा फोन होता, तडकलेल्या काचेचा, चार्जरला लावलेला. शेजारी त्याचा फोटो. फोटोपुढे उदबत्ती नव्हती, फोनपुढे होती. किंवा दोन्ही इतके जवळ होते की कुणापुढची ते कळत नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ नऊला पाच कमी दाखवत होतं. व्यंकट दारातून फोन दिसेल असा बसला. राजूबाई चहा टाकायला गेली. नऊ वाजले. बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडत होती. नऊ पाच. चहा आला, बशीत ओतला गेला, आणि तो पिताना त्याचं लक्ष फोनकडे होतं, जसं दवाखान्यात अंबिकाच्या छातीकडे असायचं, वर-खाली होतंय का म्हणून. नऊ दहा. काच काळी होती. नऊ अकरा. नऊ पंधरा. काही वाजलं नाही. व्यंकटने बशी खाली ठेवली आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याचे खांदे सैल पडले. एक तरी गोष्ट नीट झाली होती.

राजूबाईसुद्धा कोनाड्याकडेच बघत होती.

"आज वाजंना," ती म्हणाली.

"काय?"

"फोन रे. तुमच्या दुकानाचा निरोप येतो की. नागपंचमीला आला, गौरीला आला, दिवाळीला दोनदा आला. शेजारच्या पार्वतम्माची पोर वाचून दावती. दुसऱ्या कुणाचा येत न्हाई त्या फोनवर. पयले दोस्त करायचे त्याचे. आता तेबी थांबले." तिने पदराने सुपाची कड पुसली. "म्या कालपसून चार्जिंगला लावले. म्हणलं, एवढी याद ठेवतेत हरेक सणाची, तर आजच्या दिवसाचीबी ठेवतील. पोरीला सांगून ठेवले, शाळंला जायच्या आधी येऊन बघ म्हणून. आली, बघितली, गेली. न्हाई म्हणली."

कोनाड्यातली उदबत्ती अर्धी झाली होती.

"तिथीला समदे आले," ती म्हणाली, "जेवले, गेले. तिथी भटजीची. तारीख माझी हाय. डाक्टरच्या कागदावर तेरा लिहिलंय, म्या तेराच धरते. ते कुणाच्याच ध्यानात न्हाई. त्याच्या भणीच्याबी न्हाई." मग तिने मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की व्यंकटला उठून जावंसं वाटलं. "तुला बरी याद ऱ्हायली रे."

यादीतली आठवी ओळ त्याच्या डोळ्यांपुढे होती. नाव, भाषा, कारण, मीटर. परवापर्यंत त्याला तेरा तारीख माहीत नव्हती. स्वतःची बारासुद्धा माहीत नव्हती.

"ऱ्हायली," तो म्हणाला.

"सव्वीस वर्सं कापड फाडलास पर माणूस ऱ्हायलास." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, जड, तुरीच्या कोंड्याने भरलेला. "त्या मशिनीला सांग म्हणावं, एक दिवस इसरलीस. पुढल्या साली इसरू नको. आन् मशीन इसरली तर तू सांग मला. येशील न्हवं?"

"येतो की."

"कवा?"

तिला ऐकायचं होतं. लहान पोराकडून पाढा ऐकावा तसं ती त्याच्या तोंडाकडे बघत थांबली होती.

"तेरा," व्यंकट म्हणाला, आणि महिना म्हणण्याआधी तो थांबला. त्याने आत हात घातला, सगळी फळी चाचपली. मग बाहेर बघितलं. तूर पिवळी पडली होती. "तूर अशी दिसायला लागली की," तो म्हणाला, "तेरा."

"व्हय," राजूबाई म्हणाली, आणि समाधानाने सूप ओढून पाखडायला लागली.